शंभरावर थांबलेली सुई

आमचं टीव्ही प्रक्षेपण केंद्र बंद झालं तेव्हा निरोपाचा कार्यक्रम झाला. शाल, नारळ, पेढे आणि छापील स्मरणिका. मी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी आठवणीनं बोलावलं, हे चांगलंच केलं. पण त्या स्मरणिकेच्या पहिल्या पानावर एक वाक्य होतं : ‘या केंद्राने अखेरच्या दिवसापर्यंत पूर्ण क्षमतेने जनतेची सेवा केली.’ वाचलं आणि माझं डोकंच फिरलं. पूर्ण क्षमतेने? डोंबल! अहो, मी तिथं उभं आयुष्य काढलंय. पेढा तोंडात होता म्हणून गप्प बसले, एवढंच. आता लिहिते.

टीव्ही केंद्र म्हटलं की लोकांना बातम्या देणारी बाई आठवते. आमच्याकडं तसलं काही नव्हतं. कार्यक्रम वरून यायचा, उपग्रहावरून. तो उंच मनोऱ्यावरून जिल्हाभर फेकायचा, एवढंच आमचं काम. म्हणजे स्वयंपाक दुसऱ्याचा, वाढायचं आम्ही. तरी लोकांचे फोन आम्हालाच. एकदा अक्कलकोटकडच्या एका मावशींनी फोन करून सांगितलं, ‘आमच्याकडं लाईट गेल्ती, मालिका परत लावा की जरा.’ मी म्हटलं, मावशी, परत लावणं माझ्या हातात नाही. त्या म्हणाल्या, ‘मग कुणाच्या हातात हाय? पगार तुमीच घेताय न्हवं?’

आता यंत्राचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. पहिल्या कपाटात चित्राचा सिग्नल तयार होतो, तो अगदी किरकोळ असतो. तो पायरी पायरीनं वाढवत न्यायचा. शेवटच्या पायरीवर एक मोठी ट्यूब असते, तांब्याएवढी, चिनीमाती आणि धातूची. तिच्या पोटातली तार तापते, तारेतून इलेक्ट्रॉन सुटतात, आणि त्यांच्या जोरावर तो किरकोळ सिग्नल दांडगा होतो. मग चित्र आणि आवाज एकत्र करून जाड तांब्याच्या नळीतून मनोऱ्यावर. ही ट्यूब माणसासारखीच म्हातारी होते. एकदम मरत नाही. तारेतून इलेक्ट्रॉन कमी कमी सुटायला लागतात आणि ताकद हळूहळू उतरते.

ती उतरली हे कळायचं कसं? त्यासाठी मीटर. आत हजारो व्होल्ट असतात. त्यांना मीटर थेट जोडला तर मीटर जाईल आणि बघणारीही जाईल. म्हणून ट्यूबच्या करंटच्या वाटेत एक लहान रेझिस्टर ठेवतात आणि त्याच्यावर पडणारं चिमूटभर व्होल्टेज मोजतात. त्यावरून ट्यूब किती खाते ते कळतं. आणि ती बाहेर किती देते ते कळायला तांब्याच्या नळीत एक छोटासा तुकडा डोकावत ठेवलेला असतो, त्याला कपलर म्हणायचं. जाणाऱ्या शक्तीतला कणभर हिस्सा तो उचलतो. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ना, तीच ही. त्या कणाचं एका डायोडनं सरळ व्होल्टेज करायचं आणि सुईला द्यायचं. मीटरवर शून्यापासून पुढं टक्के लिहिलेले असतात. सुई शंभरावर, म्हणजे केंद्र पूर्ण ताकदीनं चालू.

पण सुईला शंभर कशाला म्हणायचं हे कुणी शिकवलं? तर कपलर आणि सुई यांच्यामध्ये पॅनेलच्या मागं एक बारीक स्क्रू असतो. तो फिरवला की सुई वरखाली होते, बाहेर जाणारी शक्ती तेवढीच राहिली तरी! म्हणून तो फिरवायचा एक सोवळ्याचा विधी असतो. ट्रान्समीटर मनोऱ्यापासून सोडवायचा आणि पाण्यानं गार होणाऱ्या एका टाकीला जोडायचा. सगळी शक्ती त्या पाण्यात जिरते. मिनिटाला किती लिटर पाणी वाहिलं आणि ते किती अंशांनी तापलं यावरून खरी ताकद काढायची. पाणी कुणाची भीड धरत नाही. हिशोब पूर्ण ताकदीचा आला की मगच स्क्रू फिरवून सुई शंभरावर आणायची आणि स्क्रूला लाखेचा थेंब लावून गप्प करायचं. आमच्याकडं लाख नसायची, म्हणून मी माझं लाल नेलपॉलिश लावायचे. शिफ्टमधले पुरुष हसायचे. हसू द्या.

दर तासाला सगळ्या मीटरचं रीडिंग लॉगबुकात लिहायचं, हा आमचा नित्यनेम. एक तास, एक आडवी ओळ : व्होल्टेज, करंट, बाहेर जाणारी शक्ती, मनोऱ्यावरून परत येणारी शक्ती. मी केंद्रात एकटी बाई. ‘मॅडमचं अक्षर चांगलं आहे’ म्हणून ते लॉगबुक माझ्या गळ्यात पडलं. मी नसले की बाकीचे खुर्चीवर बसूनच मागच्या तासाची ओळ खाली उतरवायचे. मी मात्र दर तासाला उठून मीटरसमोर उभी राहायचे आणि सुई जिथं दिसेल तेच लिहायचे. याचा मला लई गर्व होता. आमचे वडील यंत्रमागावर होते, घरात तेलुगू बोलायची पद्धत, आणि नात्यात डिप्लोमा केलेली मी पहिली मुलगी. मी म्हणजे काय, खोटं रीडिंग लिहीन होय?

एका वर्षी उन्हाळ्यात बसवराज आला. मंगळवेढ्यात स्टँडजवळ त्याचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. पस्तिशीचा, खिशात टेस्टर, काखेत एक वही. आत येऊन चप्पल दाराशी काढली. मी म्हटलं, हे काही देऊळ नाही, घाला चप्पल. तो तसाच उभा राहिला.

‘मॅडम, तुमची पॉवर कमी झालीय.’

‘कुणी सांगितलं?’

‘हितं लिवलंय की.’ त्यानं वही पुढं केली. दुकानातला एकच टीव्ही, एकच अँटेना, कशालाही हात न लावता रोज संध्याकाळच्या बातम्यांच्या वेळी त्यानं एक रीडिंग घेतलं होतं. सिग्नल कमी यायला लागला की टीव्ही आपसूक जास्त जोर लावतो, आणि तो किती जोर लावतोय ते सेटच्या आत एका ठिकाणी व्होल्टमध्ये मोजता येतं. हा शाळा सोडलेला माणूस चार महिने रोज ते मोजत होता. तारखा, आकडे, पावसापाण्याची नोंदसुद्धा. आकडा सारखा एकाच बाजूला सरकत चालला होता.

आणि मी काय बोलले सांगू? मी म्हटलं, ‘तुमचं मीटर कुठल्या बाजारातलं?’

तो ओशाळला. म्हणाला, ‘साधंच हाय, मॅडम. पर रोज त्येच हाय की.’

काय चुकीचं बोलला तो? मीटर साधं असो की भारी, रोज तेच असेल तर फरक खराच दिसणार. हे मला कळायला हवं होतं, तेवढ्यासाठीच सरकार पगार देत होतं. पण मी त्याला हाताला धरून ट्रान्समीटरसमोर नेलं आणि सुई दाखवली. शंभर. ‘हे बघा. आता बोला.’

त्याची अडचण वेगळीच होती. गावातल्या एका निवृत्त गुरुजींचा टीव्ही त्यानं दुरुस्त केला होता. महिन्याभरात चित्रावर मुंग्या यायला लागल्या. गुरुजी म्हणाले, तू चांगला पार्ट काढून जुना घातलास. टीव्हीवाल्यांवर हा आळ कायमचाच. गुरुजींचं ऐकून बाकीचेही तेच म्हणायला लागले, कारण मुंग्या सगळ्यांकडंच होत्या आणि गावातले निम्मे सेट याच्याच हाताखालून गेलेले. गुरुजींनी त्याला चिठ्ठी देऊन पाठवलं होतं : दोष केंद्रात आहे की मेकॅनिकमध्ये, हे केंद्रानं लेखी कळवावं.

‘मॅडम, धा वर्सांचं दुकान हाय. चोर म्हणत्यात लोक. तुमी काय ते खरं लिवून द्या.’

‘मीटरवर दिसतंय तेच लिहीन.’

‘व्हय, तेवढंच लिवा.’

मी लिहिलं. सरकारी कागदावर, ‘केंद्राचे प्रक्षेपण पूर्ण क्षमतेने सुरू असून तक्रारीचे कारण ग्राहकाच्या अँटेनात असावे.’ इथंच थांबायला काय झालं होतं? पण नाही. हातात पेन आणि समोर सुई शंभरावर, मला चेव आला. मी पुढं लिहिलं, ‘किंवा सदोष दुरुस्तीत.’ खाली सही, साहेबांचा गोल शिक्का, पाकीट चिकटवून त्याच्याच हातात. त्यानं ते शर्टाच्या आतल्या खिशात जपून ठेवलं आणि मला नमस्कार करून एसटीला गेला.

दोन-अडीच महिन्यांनी सहामाही अहवालासाठी सरासरी काढायची म्हणून मी लॉगबुक घेऊन बसले. सरासरी काढायची म्हणजे रकाना वरून खाली वाचावा लागतो. बाहेर जाणाऱ्या शक्तीचा रकाना : शंभर, शंभर, शंभर, पानामागून पान. शेजारी ट्यूबच्या करंटचा रकाना : तो उतरतोय. एका तासात कळणार नाही इतका थोडा, पण आठवड्यामागून आठवडे खालीच. ट्यूबची भाकरी निम्म्यावर आलेली आणि काम मात्र पूर्ण? असं कुठं असतं का हो? आणि हे दोन्ही आकडे माझ्याच सुंदर अक्षरात, एकमेकांशेजारी बसलेले. सहा महिने मी दर तासाला आडवी ओळ लिहीत होते. उभा रकाना एकदाही वाचला नव्हता. बसवराजनं वहीत नेमकं तेच केलं होतं, आणि मी त्याला मीटरचा बाजार विचारला.

पॅनेल उघडलं. माझं नेलपॉलिश खरवडलेलं. स्क्रू पार फिरवलेला.

दुपारी कार्यक्रम नसायचे. त्या वेळात मी पाण्याची टाकी जोडायला लावली, आणि थर्मामीटर दोनदा धुऊन पुसून लावला, उगाच शंका नको म्हणून. खरी ताकद निम्म्याच्याही बरीच खाली निघाली. सुई? सुई शंभरावर, ऐटीत.

साहेबांकडं गेले. त्यांचं नाव लिहीत नाही. माणूस आता नाही, आणि मुलं भली आहेत. पण बोलणं जसंच्या तसं लिहिते.

‘साहेब, स्क्रू कुणी फिरवला?’

‘मीच. का?’ इतक्या सहज म्हणाले, जसं काही खिडकीच लावली होती.

‘का म्हणजे? पॉवर निम्मीसुद्धा जात नाही!’

‘अहो मॅडम, सुई खाली आली की वर पत्र लिहावं लागतं. पत्र लिहिलं की तपासणी येते. तपासणीवाले आले की शंभर खुसपटं काढतात. नवीन ट्यूब येईल तेव्हा येईल. तोवर थोडं थोडं ॲडजस्ट करत होतो.’

‘आणि लोकांची चित्रं?’

‘शुक्रवार पेठेत माझ्या घरी या. काचेसारखं चित्र आहे.’

असणारच की! मनोऱ्याच्या बुडाशी राहणाऱ्याला निम्मी ताकदसुद्धा उतू जाते. मुंग्या येतात त्या मंगळवेढ्याला, जिथं पोचेपर्यंत सिग्नल आधीच थकलेला असतो. आपल्या ताटात पडलं म्हणजे गाव जेवलं, असा सगळा कारभार. मी म्हटलं, ‘साहेब, यंत्र सुधारायचं सोडून तुम्ही मीटर सुधारलंत. ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटरवरचा आकडा खोडण्यातला प्रकार हा.’ ते म्हणाले, ‘आवाज खाली ठेवा.’ मी नाही ठेवला. तिथून तडक लॉगबुकाशी गेले आणि लाल शाईत लिहिलं : ‘पाण्यावर मोजलेली प्रत्यक्ष शक्ती,’ आणि आकडा. त्यांनी खोडायला सांगितलं. मी म्हटलं, तुम्ही खोडा आणि शेजारी सही करा. सही म्हटल्यावर हात मागं.

लाल शाईची नोंद वर जातेच. तपासणी आली. त्यांनी जुनी ट्यूब बघितली, डोकी हलवली, आणि कुणावर ठपका न ठेवता गेले. पण नवीन ट्यूब आली. मी स्वतः उभं राहून ती बसवून घेतली, पाण्यावर मोजली, स्क्रूला नवा थेंब लावला. त्या संध्याकाळी फोन वाजत राहिले, ‘चित्र लई झकास आलंय.’ मंगळवेढ्याहूनही आले. मला त्या वेळी खरंच भरून आलं होतं.

राहिली ती चिठ्ठी. मी दुसरी लिहिली : आमच्या चुकीमुळं सहा महिने प्रक्षेपण निम्म्याहून कमी ताकदीनं होत होतं, दुरुस्तीत दोष नव्हता, आधीचं पत्र रद्द समजावं. शिक्क्यासाठी साहेबांसमोर ठेवली. त्यांनी वाचली आणि परत सरकवली. ‘आधीचं पत्र लिहिताना मीटर शंभर दाखवत होतं ना? मग ते पत्र खरं आहे. रद्द कशाला?’ अशा तर्काला काय म्हणावं? चोर तो चोर, वर शिरजोर. शिक्क्याच्या पेटीला त्यांनी कुलूप लावलं. मी साध्या कागदावर, नाव आणि हुद्दा घालून, तेच पुन्हा लिहिलं आणि रविवारी सकाळी मंगळवेढ्याची एसटी धरली.

दुकानावर पाटी चपलांची. चपलावाला म्हणाला, ‘बसवराज व्हय? त्यानं दुकान सोडून महिना झाला. टेंभुर्णीला असतोय, ट्रकांची वायरिंग करतोय म्हणं.’

मी आधी गुरुजींकडं गेले. आळ तिथून सुटला होता, तो तिथंच फिटायला हवा. गुरुजी सभ्य माणूस. खुर्ची दिली, पाणी दिलं, चहा टाकायला सांगितला. चष्मा लावून त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली. मग कपाटातून आधीची काढली, ती घडी न मोडता प्लास्टिकमध्ये घालून ठेवलेली. दोन्ही शेजारी ठेवल्या.

‘हिच्यावर शिक्का नाही.’

‘शिक्का साहेबांनी दिला नाही, गुरुजी. पण सही तीच आहे बघा. माझीच.’

‘बाई, आधीची चिठ्ठी सरकारची होती. ही तुमची आहे.’

मी ट्यूब सांगितली, स्क्रू सांगितला, पाणी किती अंश तापलं ते सांगितलं. गुरुजींनी शाळेतल्यासारखं नीट ऐकून घेतलं. मग कोपऱ्यातल्या टीव्हीकडं बोट दाखवलं. चित्र खरोखर काचेसारखं होतं.

‘तुम्ही भल्या आहात, म्हणून त्याच्यासाठी एवढ्या लांब आलात. पण आम्ही डोळ्यांनी बघितलंय. बसवराजनं दुकान बंद केलं आणि पंधरा दिवसांत गावातले सगळे टीव्ही नीट झाले. आता तुम्हीच सांगा, दोष कुणात होता?’

चहा तसाच ठेवून उठले, तर गुरुजी म्हणाले, चहा टाकू नये, घ्या. मग घेतला.

टेंभुर्णीला पोचले तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. हायवेच्या कडेला बसवराज एका ट्रकच्या बोनेटमध्ये वाकलेला दिसला. मला बघून त्यानं हात पुसले, पेट्रोलच्या डब्यावर फडकं टाकून बसायला दिलं. मी सगळं सांगितलं, लपवलं काहीच नाही. लॉगबुकाचं सांगितलं. ‘तुमची वही बरोबर होती, माझं मीटर खोटं होतं,’ असं त्याच्या तोंडावर सांगितलं आणि माफी मागितली. त्यानं चिठ्ठी घेतली नाही. हात तेलकट आहेत, असं म्हणाला.

‘मॅडम, आता चित्र कसं हाय?’

‘स्वच्छ. नवी ट्यूब घातली. पूर्ण ताकद.’

‘मंगळवेढ्यालाबी?’

‘हो. तिथूनही फोन आले.’

त्याच्या तोंडावर क्षणभर समाधान पसरलं, कारागिराचं असतं तसं. मग ते थांबलं. तो हिशोब करतोय हे मला दिसत होतं. ट्रकवाल्यानं हॉर्न दाबून बघितला, तिकडं त्यानं लक्षच दिलं नाही.

‘म्हंजे मी गाव सोडलं, न् मग चित्र नीट झालं.’ तो म्हणाला. ‘गावात तसंच म्हणत असतील की, मॅडम?’

मी उभ्या आयुष्यात दिसेल तेच लिहिलं, आणि ऐकलं तेच सांगितलं.

‘छे हो,’ मी म्हटलं. ‘असं कोण म्हणेल?’

त्यानं माझ्याकडं बघितलं, ‘बरं’ म्हणाला, आणि पुन्हा बोनेटमध्ये वाकला.